वस्तीतल्या शाळांमध्ये डिबेट कसं सुरू करायचं, कसं वाढवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही काही जण मुंबईत पालिकेच्या आणि छोट्या अनुदानित शाळांमध्ये मुलांचं डिबेट चालवतोय. शिक्षक, कॉलेजची मुलं, नोकरी सांभाळून शनिवार देणारे लोक, कधी पालकसुद्धा, सगळे साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होतेच की, मग डिबेट वेगळं काय?

वक्तृत्वात बाई भाषण लिहून देतात, घरी आई पाठ करून घेते आणि "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" पर्यंत मूल एका दमात म्हणून टाकतं. ते वाईट नाही, स्टेजची भीती जाते. पण त्यात समोरच्याचं ऐकावंच लागत नाही. डिबेटमध्ये समोरचा काय बोलला ते लिहून घ्यायचं, त्याचा मुद्दा खोडायचा, आणि स्वतःची बाजू सांभाळायची, तेही चिठ्ठीत जी बाजू आली ती, तुम्हाला पटो न पटो. पाठांतर तिथे दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही. शाळांमध्ये "वादविवाद स्पर्धा" म्हणून जे होतं त्यातही बरेचदा एक मूल बाजूने बोलून खाली बसतं, दुसरं विरोधात बोलून खाली बसतं, आणि दोघांची गाठच पडत नाही.

२. कितवीपासून घ्यावं?

सातवी-आठवी. नववीत उशीर होतो कारण लगेच दहावी येते आणि घरचे सगळं बंद करतात. पाचवी-सहावीला खेळ म्हणून घ्या, स्पर्धा नको. पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीलाच संपतात आणि मुलं दुसऱ्या शाळेत जातात, त्याचं काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. मराठीत घ्यायचं की इंग्रजीत? पालक म्हणतात इंग्रजी शिकवणार असाल तरच पाठवतो.

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. मुंबई पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड, आणि शाळेची भाषा एक, घरची दुसरी, गल्लीतली तिसरी अशी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. आमचा नियम असा की मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत पहिलं वर्ष बोलायचं. नळावर, कॅरमवर तोंडात येते ती भाषा, मधेच बदलली तरी चालेल. विचार करायला आणि परकी भाषा बोलायला एकदमच शिकवलं तर मूल भाषेवरच अडकतं आणि आपल्याला वाटतं याच्याकडे मुद्देच नाहीत.

आठवीतली एक मुलगी होती, शाळेत मोबाइल आणू द्यावा का हा विषय, इंग्रजीत ती "मोबाइल इज बॅड फॉर हेल्थ" च्या पुढे सरकेना. शिकवणारी ताई म्हणाली, अगं तुझ्या भाषेत सांग. तर म्हणाली, "घरात फोन एकच आहे, तो पप्पा कामावर नेतात, रात्री नऊला येतात, मग दादा घेतो कारण त्याची दहावी, माझ्या हातात येतो तेव्हा नेट संपलेलं असतं. शाळेत फोन आणू द्या म्हणता, पण कोणाचा फोन?" समोरच्या टीमला त्या "कोणाचा फोन" ला शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही. हे इंग्रजीच्या हट्टापायी आम्ही घालवून बसलो असतो.

इंग्रजी दुसऱ्या वर्षी घ्या, आणि नवा विषय देऊ नका. आधी मराठीत-हिंदीत भांडून झालेलाच विषय, मुद्दे तेच, फळ्यावर लागणारे वीसेक शब्द लिहून ठेवलेले. पालकांना हे स्पष्ट सांगा, इंग्रजी येणार आहे पण पुढच्या वर्षी. खोटं आश्वासन देऊन मुलं गोळा करू नका, दिवाळीपर्यंत निम्मी जातात.

४. फॉरमॅट कोणता वापरायचा?

आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धांमध्ये जो वर्ल्ड स्कूल्स फॉरमॅट असतो त्यात एका टीमचे तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं आणि शेवटी चार मिनिटांचा रिप्लाय म्हणजे टीमचं समारोपाचं भाषण, भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे समोरचा उभं राहून प्रश्न विचारू शकतो. सांगाडा चांगला आहे पण आठ मिनिटं नव्या मुलाला फार होतात, तीन मिनिटांनंतर ते तेच तेच बोलतं. आम्ही तीन वक्ते ठेवले, वेळ तीन मिनिटं केली, रिप्लाय दीड मिनिट, आणि मधला प्रश्न एकच. वर्षाअखेरीस पाच मिनिटांवर जातो. चार टीमवाला ब्रिटिश पार्लमेंटरी कॉलेजसाठी सोडा.

एक गोष्ट अमेरिकेतून उचलण्यासारखी आहे. तिथे अटलांटा शहरात १९८५ मध्ये एमरी विद्यापीठाच्या मदतीने सरकारी शाळांची डिबेट लीग सुरू झाली आणि पुढे शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांत तशाच लीग उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे वर्षभर एकच विषय असतो आणि नव्या टीमना वाचायचं साहित्य लीगच देते. हे आम्हाला फार पटलं. ज्याच्या घरी वायफाय आहे तो जास्त वाचून येतो, ही तफावत एका झेरॉक्सच्या गठ्ठ्याने बरीच कमी होते. आम्ही वर्षाला चार विषय घेतो आणि प्रत्येकाला चार पानं, दोन बाजूने दोन विरोधात, सगळ्या शाळांना सारखीच. पानांबाहेरचा आकडा वापरायचा असेल तर तो कुठून आणला ते सांगायचं.

५. विषय कुठून आणायचे? नेटवरचे चालतात का?

नेटवरचे विषय भाषांतर करून आणू नका, मुलं भाषांतरासारखीच बोलतात. गोवंडी-मानखुर्दच्या मुलांना "पर्यावरण की विकास" दिलंत तर पुस्तकातली वाक्यं ऐकायला मिळतील. त्याच मुलांना "देवनारचं डम्पिंग लगेच बंद करावं" देऊन बघा. शेजारचं ते कचऱ्याचं मैदान १९२७ पासून आहे, २०१६ च्या आगीचा धूर बऱ्याचशा मुंबईने पाहिला, पण या मुलांच्या घरात तो रोजचा आहे. एक मुलगा खोकणाऱ्या आजीबद्दल बोलला, लगेच समोरून एक मुलगी म्हणाली, माझी आई तिथलंच भंगार वेचून विकते, उद्या बंद केलंत तर परवा आम्ही काय खायचं. तिसरा म्हणाला, इथलं बंद केलं म्हणून कचरा गायब होणार नाही, दुसऱ्या कोणाच्या दारात जाईल. त्यावर आधीचा मुलगा परत उठला, "मग वाटून घ्या ना, प्रत्येक वॉर्डने आपापला ठेवावा, सगळ्यांचा आमच्याकडेच का?" चौदा वर्षांची मुलं ही. यातला एकही मुद्दा आम्ही दिलेल्या चार पानांत नव्हता.

तसेच आमच्याकडे चालणारे विषय: सगळ्या लोकलचे दरवाजे एसी लोकलसारखे आपोआप बंद होणारे असावेत (वेस्टर्नवर पहिली एसी लोकल २०१७ च्या डिसेंबरात आली, त्यामुळे दोन्ही बाजूंना डोळ्यांनी पाहिलेली उदाहरणं आहेत), प्लास्टिकबंदीत दंड दुकानदाराला की कंपनीला, आठवीपर्यंत होमवर्क नको. इतिहासातला एक विषय जरूर घ्या, आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक. टिळक आणि आगरकर यावरून वेगळे झाले, आणि १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यावरून, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्यावरून, सगळा महाराष्ट्र भांडला. मुलींना ते वय कळलं की वर्ग शांत होतो, आणि मग खरी खडाजंगी सुरू होते.

कोणते विषय घ्यायचे नाहीत ते प्रश्न १४ मध्ये.

६. सुरुवातीला काय काय सामान आणि किती खर्च?

एक वर्ग, बारा ते सोळा मुलं, खडू, फोनवरचा टायमर, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. माइक नको, डायस नको. खरा खर्च दोनच, खाऊ आणि प्रवास. सकाळच्या शाळेतून सुटून थांबलेलं मूल भुकेलं असतं, वडापाव किंवा केळी-बिस्किटं नसतील तर दुसऱ्या अर्ध्या तासात कोणाचं लक्ष नसतं.

७. परवानगी कोणाची घ्यायची?

आधी मोठ्या बाईंना भेटा, त्यांना पटलं नाही तर वरून आणलेला कागद उपयोगाचा नाही. पालिकेच्या शाळेत त्यानंतर बीट ऑफिसर (त्या भागातल्या शाळा बघणारे अधिकारी) आणि वॉर्डाचे प्रशासकीय अधिकारी, अनुदानित शाळेत संस्थाचालक. पत्रात वार, वेळ, किती मुलं, कोण येणार, त्यांच्या ओळखपत्राच्या कॉपी, एवढंच एका पानात. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या एका मीटिंगला जाऊन दहा मिनिटं बोला. एका शाळेत आम्ही हे टाळलं, मुख्याध्यापक बदलले, नव्यांना आम्ही कोण तेच माहीत नव्हतं आणि फायनलच्या दोन आठवडे आधी मुलांचं येणं बंद झालं. समितीतल्या पालकांना माहीत असतं तर ते आमच्या वतीने बोलले असते.

८. आठवड्याच्या तासात नेमकं काय करायचं?

दीड तास पुरतो. पहिली पंधरा मिनिटं खेळ, आमचा आवडता "ते म्हणतात". एक जण काहीही म्हणतो, "शाळेत खिचडीऐवजी पैसे द्यावेत". पुढच्याने आधी ते वाक्य आपल्या शब्दांत परत सांगायचं, बोलणाऱ्याने "हो, मी हेच म्हणालो" असं कबूल केलं तरच पुढे "पण" म्हणायची परवानगी. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं इथेच अडकतात कारण त्यांनी ऐकलेलंच नसतं. सगळ्या प्रोग्रॅममधला हा सगळ्यात कामाचा खेळ आहे असं माझं मत आहे.

मग एक मुद्दा घेऊन फळ्यावर त्याला चार पायऱ्यांनी नेतो: मुद्दा, का, उदाहरण, आणि "बरं मग?". चौथी पायरी मुलं विसरतात. "खिचडी रोज तीच असते", का, उदाहरण, सगळं येतं, पण बरं मग? त्याने तुमची बाजू कशी जिंकते? उरलेल्या वेळात एक छोटं डिबेट, आणि शेवटी फीडबॅक, प्रत्येकाला एक जमलेली गोष्ट आणि पुढच्या वेळची एक गोष्ट, त्याहून जास्त नाही.

९. जज कुठून आणायचे आणि त्यांना काय सांगायचं?

जवळच्या कॉलेजची एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) युनिट पकडा, त्यांच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि झाडं लावण्यापेक्षा वेगळं काम त्यांनाही हवं असतं. दोन शनिवार ट्रेनिंग द्या, त्यात किमान तीन डिबेट बघायला लावा, आणि निकाल दिल्यावर तो का दिला हे मुलांसमोर बोलून दाखवायला लावा. कॉलेजात डिबेट जिंकलेले जज नेहमी चांगले असतातच असं नाही, त्यांना वेग आणि इंग्रजीची सवय असते.

आमच्या शीटवर चारच रकाने आहेत: मुद्दे, समोरच्याला दिलेलं उत्तर, मांडणी, आणि टीम म्हणून सांभाळणं. भाषेचे, उच्चाराचे, हावभावाचे मार्क नाहीत. "न" आणि "ण" वरून, "मी बोल्लो" वरून एकही मार्क कापायचा नाही, आणि फीडबॅकमध्ये सगळ्यांसमोर उच्चार सुधारायचा नाही. हे ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगावं लागतं.

१०. एका शाळेत छान चाललंय, आता लवकर वीस शाळा करायच्यात. कसं करू?

वीस करू नका. तीन करा. दुसऱ्याच वर्षी आम्ही तीन शाळांवरून अकरावर गेलो, सगळ्यांना कौतुक वाटलं आणि फंडही मिळाला. हिशेब एवढाच चुकला की अकरा शाळांच्या दोन-दोन टीम म्हणजे बावीस टीम, एका फेरीत अकरा वर्ग, एका वर्गात एक जज म्हटला तरी अकरा, आणि निकाल मुलांना पटावा म्हणून तीन जज बसवायचे तर तेहतीस. आमच्याकडे होते नऊ. मग शिक्षकच जज झाले, काही जण आपल्याच शाळेला जज करत होते, हरलेली मुलं म्हणाली हे फिक्स होतं, आणि त्या दिवशी ती खोटं बोलत नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही चार शाळांवर परत आलो, मधल्या सात शाळांना तोंड दाखवणं जड गेलं.

तेव्हापासूनचा नियम, नव्या शाळेची मागणी आली की आधी बघायचं, वर्षभर टिकेल असा एक कोच आणि तयार झालेले दोन जज हातात आहेत का. नसतील तर त्या शाळेला वेटिंगवर ठेवायचं आणि तिथल्या एका शिक्षकाला आपल्या स्पर्धेला बघायला बोलवायचं. प्रोग्रॅम किती मोठा आहे हे शाळा मोजून कळत नाही, जज मोजून कळतं. मोठ्या शहरात शाळा मिळतात, मुलंही मिळतात, सात शनिवार सलग येणारा माणूस मिळत नाही, आणि त्यावर खरा उपाय एकच सापडलाय, तो प्रश्न १२ मध्ये.

११. स्पर्धा कधी आणि कुठे ठेवायची?

जूनमध्ये शाळा सुरू, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, एका दिवसाच्या पाण्याने सगळं कोलमडतं, मग गणपती, मग दिवाळीआधी पहिल्या सत्राची परीक्षा. त्यामुळे सराव पावसात आपापल्या शाळेत, आणि स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. फेब्रुवारीपासून पुढे स्कॉलरशिप आणि वार्षिक परीक्षा येतात. रविवार टाळा, हार्बरला मेगाब्लॉक लागला की मानखुर्दची टीम दोन तास उशिरा पोचते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा. कुर्ल्यासारखी जागा बरी, सेंट्रल आणि हार्बर दोन्हीची मुलं उतरून चालत येतात. सहाच्या आत सगळं संपवा, का ते प्रश्न १३ मध्ये.

१२. शाळा संपली की मुलं जातात. इतकी मेहनत वाया जाते ना?

आम्हालाही आधी तसंच वाटायचं. आता आम्ही आठवीतल्या मुलांना शेवटच्या दोन महिन्यांत सहावी-सातवीच्या डिबेटला टायमर धरायला बसवतो, मग जजशेजारी बसून शीट भरायला लावतो, त्यांची शीट मोजत नाही, पण नंतर जजच्या शीटशी पडताळून दाखवतो. दहावी होईपर्यंत फक्त महिन्यातून एक मेसेज. दहावीचा पेपर संपला की फोन करायचा, तेव्हा त्यांना अडीच-तीन महिने मोकळे असतात. आज आमच्याकडे जे जज सगळ्यात बारीक ऐकतात ते आमचेच जुने विद्यार्थी आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि थोडं मानधन द्या. ज्याच्या घरी पार्ट-टाइम कामाची गरज आहे त्याला फुकट बोलावणं बरोबर नाही, कॉलेजवाल्यांना तास मिळतात, याला काय मिळतं?

१३. मुली पहिल्या महिन्यात खूप येतात, मग बंद होतात. काय करायचं?

कारण विचारा, अंदाज करू नका. एका वस्तीत नळाला पाणी साडेचारला यायचं आणि हंडे भरायचं काम मुलींचं, आमचा तास चार ते साडेपाच. तास दुपारी पाऊणला हलवला, आठपैकी सहा मुली परत आल्या. दुसरीकडे धाकट्या भावाला सांभाळायचं होतं, त्याला घेऊन ये म्हटलं, तो मागच्या बाकावर चित्रं काढत बसायचा. अंधार पडायच्या आत घरी, हे पाळलंत तर आया विश्वास ठेवतात. आणि आईला एकदा तरी स्पर्धेला बसवा, मुलगी उभी राहून बोलताना बघितलेल्या आईची नंतर समजूत घालावी लागत नाही, तीच शेजारणीच्या मुलीला पाठवते.

१४. मुलाला न पटणारी बाजू आली तर? काही विषय टाळावेत का?

न पटणारी बाजू बोलणं हाच अभ्यास आहे, ती बदलून देऊ नका. पण मुलाच्या जातीवर, धर्मावर, घर पक्कं की कच्चं यावर, म्हणजे ते माणूस म्हणून किती लायक आहे यावरच प्रश्न येईल असा विषय घेऊ नका. आरक्षण असावं की नसावं हे तेरा वर्षांच्या मुलांत आम्ही घेत नाही, कारण वर्गातल्या चार जणांना ते स्वतःबद्दल ऐकावं लागतं.

कधीकधी साधा विषयही नेमका बोचतो. "फुटपाथवर फेरीवाले नकोत" हा विषय आधीच ठरलेला होता, चिठ्ठीत एका मुलाला बाजूने बोलायचं आलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांची भाजीची गाडी उचलली गेली होती. तो काही बोलला नाही, कागदाकडे बघत बसला. त्याच्या मित्राने येऊन सांगितलं. आम्ही दोन्ही टीमच्या बाजू उलट केल्या, कारण कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर नियम केला, कोणीही मूल कारण न देता वर्षातून एकदा बाजू बदलून मागू शकतं.

१५. शिक्षक तक्रार करतात की मुलं उलट बोलायला लागली.

पहिल्या वर्षी हे होतंच, आणि शिक्षकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं, नवं शस्त्र हातात आलं की मुलं ते सगळीकडे चालवून बघतात. मुद्द्यावरून गुद्द्यावर यायची वेळ येऊ देऊ नका. प्रश्न ८ मधला "ते म्हणतात" चा नियम घरी आणि वर्गातही लागू आहे असं मुलांना सांगा, बाईंचं म्हणणं आधी बाईंना पटेल असं परत सांगायचं, मगच "पण". आणि वर्षातून एकदा शिक्षक विरुद्ध मुलं असं डिबेट ठेवा. ज्या बाई स्वतः उभ्या राहून बोलल्या त्यांनी नंतर तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

१६. फंड कुठून?

पहिलं वर्ष ओळखीच्या लोकांच्या वर्गणीत भागतं. पुढे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामासाठी काढलेला पैसा, २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात आणि शिक्षण त्यात बसतं. त्यासाठी संस्था नोंदवलेली हवी आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा, नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेसोबत जा. कंपनी किती मुलं म्हणून विचारेल, तेव्हा प्रश्न १० आठवा आणि आकड्यासाठी शाळा वाढवू नका.

१७. सुरक्षिततेचे नियम काय?

वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. मुलांशी एकट्याने पर्सनल मेसेज नाही, ग्रुपवर पालक किंवा शिक्षक हवेतच. फोटो-व्हिडिओला पालकांची लेखी संमती. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, काय सांगतो ते प्रत्येक दादा-ताईने पहिल्याच दिवशी समजून घ्यायचं, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गात लिहिलेला असायला हवा. विषय निघाला की मुलं घरातल्या गोष्टी सांगून जातात, तेव्हा डिबेट थांबवा, पण त्या मुलाला सगळ्यांसमोर काही विचारू नका.

१८. आमच्या टीममधला एक मुलगा बोलताना अडखळतो. त्याला स्पर्धेत घेता येईल का?

घ्या, त्याला यायचं असेल तर. त्याला एक मिनिट जास्त द्या, हे जजना आधी कागदावर कळवा, सगळ्यांसमोर जाहीर करू नका. त्याचा शब्द कोणीही पूर्ण करायचा नाही, जजनेही नाही आणि त्याच्या टीमनेही नाही. मधला प्रश्न घ्यायचा की नाही हे तो ठरवेल. आमच्याकडच्या मुलाला आम्ही पहिला वक्ता केलं होतं, तयारी करून बोलता येईल म्हणून. तो म्हणाला, मला तिसरा करा, मला त्यांचे मुद्दे खोडायचेत. केला. शब्दाशब्दाला थांबत त्याने समोरच्यांचे तीन मुद्दे क्रमाने घेतले, वर्ग पूर्ण वेळ गप्प होता. तुमच्या जजच्या शीटवर वेग किंवा अस्खलितपणाचा रकाना असेल तर तो मुलगा पहिल्या फेरीत उभा राहायच्या आधी काढून टाका, प्रश्न ९ मधले चार रकाने वापरा.